दोन मतांचा करार

माझा स्वभाव संशयी आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी तोंडावर फेकायला नको. मस्कतमध्ये एका दातांच्या दवाखान्यात मी बरीच वर्षं रिसेप्शनला बसते. "रोज दोनदा ब्रश करतो" असं छातीठोकपणे सांगणारी माणसं दिवसभर माझ्यासमोर येतात, आत जातात आणि थोड्याच वेळात आतून डॉक्टरीणबाईंचा सुस्कारा ऐकू येतो. असल्या नोकरीत कोण भाबडं राहील? नवरा म्हणतो, नोकरीला कशाला बोल लावतेस, तुझा विश्वास लग्नाआधीच पानिपतात गेला होता.

तर त्या वर्षी आमच्याकडे, म्हणजे महाराष्ट्रात, विधानसभेची निवडणूक लागली आणि माझं माहेर आणि सासर एकमेकांसमोर उभं राहिलं. अगदी शब्दशः. कोकणातला आमचा तालुका एक, मतदारसंघ एक. माहेरचं गाव आणि सासरचं गाव यांच्यामध्ये खाडी आणि खाडीवर एक पूल, एवढंच अंतर. एका बाजूने माझा धाकटा भाऊ उभा होता आणि दुसऱ्या बाजूने माझा चुलत दीर, नवऱ्याच्या काकांचा मुलगा. आधीच्या निवडणुकीपर्यंत हे दोघे एकाच पक्षात होते, एकाच जीपमधून गावं फिरत होते आणि आमच्या ओटीवर बसून एकाच बशीतली भजी खात होते. मग पक्ष फुटला. राज्यात तेव्हा पक्ष फुटण्याचं नवल कोणालाच राहिलं नव्हतं. कोणी आपला पक्ष सांगितला की पुढचा प्रश्न "त्यातला कुठला अर्धा?" हाच असायचा. नाव जवळपास तेच, झेंडाही तसाच, फक्त चिन्ह नवं. भाऊ एका अर्ध्यात राहिला, दीर दुसऱ्यात गेला. राहिला कोण आणि गेला कोण, हे मात्र तुम्ही कोणाला विचारता त्यावर होतं. मस्कतच्या टोकाला माबेल्यात असलेल्या आमच्या घरात हा विषय जेवताना काढायचा नाही असा नियम मीच केला होता आणि बहुतेक वेळा मीच मोडत होते.

भाऊ याआधी दोनदा पडला होता. एकदा अपक्ष म्हणून आणि एकदा मित्रपक्षाने ऐनवेळी पाठ फिरवली म्हणून. ही त्याची तिसरी खेप. वहिनीने स्पष्ट बजावलं होतं, आता पडलात तर पुन्हा घरात राजकारणाचं नाव नको. तो पन्नाशीला आला होता आणि दुसरं काही त्याला येतही नव्हतं. लोकांच्या अंत्ययात्रांना जाणं, रस्त्यासाठी तहसीलदाराशी भांडणं, बारशाला पाळण्याची दोरी ओढणं, यातच त्याची उमर गेली. त्याने मला फोन केला तेव्हा आवाज बसलेला होता.

"ताई, तू ये," तो म्हणाला. "एका मताचं नाही गं. तू सासरच्या वाडीत माझ्याबरोबर नुसती फिरलीस ना, तरी पाच-दहा घरं इकडे वळतील. आपली सूनच याच्या बाजूने आली म्हणतील. त्यांच्याकडे माझं दुसरं कोणी नाही."

मी "येते" म्हणाले. मनात तिकिटाची तारीखही ठरवली.

नवऱ्याने ते ऐकलं. तो एका एसी-चिलर दुरुस्तीच्या कंपनीत सर्व्हिस इंजिनियर आहे, कमी बोलणारा, कुठलीही गोष्ट आधी कागदावर आकृती काढून बघणारा. पुढच्या शुक्रवारी सकाळी पोहे खाताना त्याने ताटली बाजूला सरकवली आणि म्हणाला, "हे बघ. तू जाणार तर मलाही जावं लागेल. काकांचा फोन येऊन गेलाय. तू तुझ्या भावाला देणार, मी माझ्या भावाला. तुझं एक, माझं एक, वजा झालं. मग दोघांनी तिकडे जाऊन वाडीत समोरासमोर उभं राहायचं कशाला? गावाला फुकट तमाशा. कोणीच जायचं नाही, असं करू."

"आणि माझ्यामुळे वळणारी घरं?"

"आणि माझ्यामुळे न वळणारी?" तो म्हणाला.

त्यात तथ्य होतं, आणि म्हणूनच मला ते आवडलं नाही. ज्याच्या म्हणण्यात एकदम तथ्य असतं, त्याने ते आधी घोकलेलं असतं असा माझा अनुभव आहे. पण मुलीची बारावीची पूर्वपरीक्षा तोंडावर होती, दवाखान्यात रजेची मारामार होती, आणि खरं सांगायचं तर नवरा आणि मी दोन वेगवेगळ्या जीपमधून एकाच वाडीत शिरतोय हे चित्र मलाही झेपेना. मी कबूल झाले. फक्त माझी अट होती की दोघांचे पासपोर्ट मुलीच्या कपाटात राहतील आणि किल्ली तिच्याकडे.

आमची मुलगी इथल्याच भारतीय शाळेत शिकलेली. मराठी बोलताना ती अंधारात जिना उतरल्यासारखी एकेक शब्द चाचपत येते. तिने दोन्ही पासपोर्ट घेतले, आमच्या दोघांच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाली, "यू गाईज आर सो वियर्ड. तुम्ही एकमेकांवर... म्हणजे, ट्रस्ट करत नाही का?"

"करतो. म्हणून तर किल्ली तुझ्याकडे," मी म्हणाले.

भावाला कळवलं तेव्हा तो नुसतं "बरं" म्हणाला. ते "बरं" मला अजून ऐकू येतं. त्याची भरपाई म्हणून मी इथून जमेल तेवढं करायचं ठरवलं. ओमानमध्ये सभा-बिभा घ्यायची सोय नाही आणि कोणी तसं वेडं धाडसही करत नाही. पण आमच्या तालुक्याची खूप माणसं इथे आहेत, आणि गावाकडच्या घरात कोणाला मत द्यायचं ते पुष्कळदा आखातातल्या कमावत्या माणसाच्या फोनवर ठरतं. जो घर चालवतो त्याचा शब्द घरात चालतो. म्हणून मी फोन करायला लागले. सर्वांत मोठा माणूस होता खाबुऱ्याचा, मस्कतपासून किनाऱ्याने दोनेक तासांवरच्या गावचा. माझ्याच माहेरच्या गावातल्या खालच्या मोहल्ल्यातले हे चाचा, खाबुऱ्याच्या बाजारात त्यांचं शेतीच्या पाइपांचं आणि पंपांचं दुकान. त्यांच्या एका फोनवर मोहल्ल्यातली निम्मी घरं हलतात असं म्हणतात.

एका शुक्रवारी नवऱ्याला गाडी काढायला लावून मी खाबुऱ्याला गेले. तो म्हणाला, तुझ्या भावाच्या प्रचाराला मी आत येणार नाही, मी गाडीत बसतो. ठीक आहे म्हटलं. चाचांनी मला खुर्ची दिली, बिनदुधाचा चहा मागवला, आईची चौकशी केली.

"बाय, तुझा भाव आमच्या पोरासारखो," ते म्हणाले. "मोहल्ल्यात पानी त्यानीच आनलान. फोन करतंय मी सगल्यांना. इन्शाल्ला होईल सगलं."

आखातात इतकी वर्षं काढल्यावर "इन्शाल्ला" कसा ऐकायचा हे कळायला लागतं. काही वेळा तो होकार असतो, काही वेळा देवावर ढकललेला नकार. हा कुठला होता ते मला नक्की कळेना. त्यात मी बाहेर पडताना चाचा माझ्याबरोबर गाडीपर्यंत आले, नवऱ्याच्या खिडकीशी वाकले आणि हळू आवाजात काहीतरी बोलले. नवऱ्याने मान हलवली. गाडी सुरू झाल्यावर मी विचारलं, "काय म्हणत होते?"

"जावयबापूंना जेवल्याशिवाय पाठवतोय म्हणून वाईट वाटतंय म्हणाले."

एवढ्या वाक्याला कोणी आवाज हळू करत नाही. माबेला येईपर्यंत मी शेजारून जाणाऱ्या पाण्याच्या टँकरांकडे बघत राहिले आणि चाचा कोणाचे, याचा विचार करत राहिले.

मतदान बुधवारी होतं. मंगळवारी सकाळी नवरा म्हणाला, सूरला जावं लागतंय, मासळीच्या एका शीतगृहाचा कॉम्प्रेसर बसलाय, दोन दिवस लागतील. सूर हे इथून काही तासांवरचं मासेमारीचं बंदर; तो तिथे नेहमीच जातो. फिशिंगची तिथे गडबड असली की कॉम्प्रेसरही तेव्हाच बसतात. पण मतदानाच्या आदल्या दिवशी? मी मुलीच्या खोलीत गेले, किल्ली मागितली आणि कपाट उघडलं. माझा पासपोर्ट होता. त्याचा नव्हता.

"बाबाने मागितला," मुलगी म्हणाली. "कंपनीत द्यायचा आहे, रेसिडन्स कार्ड रिन्यू. लास्ट वीकच दिला."

रेसिडन्स कार्ड संपायच्या आधी कंपनी पासपोर्ट मागते, हे खरं. त्याचं कार्ड संपायला आलं होतं, हेही खरं. लबाडी करणारा माणूस शहाणा असेल तर तो खऱ्याच्याच आडोशाला उभा राहतो. मी मुलीला म्हणाले, तू मला का सांगितलं नाहीस? ती म्हणाली, तू विचारलं नाहीस. माझ्याच पोटची पोर, पण त्या क्षणी मला वाटलं हिलाही कोणीतरी काहीतरी कबूल केलंय.

सूरला गेला की तो रोज रात्री समुद्राचा फोटो पाठवतो; त्या रात्री तो आला नाही. बुधवारी दुपारी मी दवाखान्यात असताना माझ्या मोबाईलवर नवऱ्याचा फोन वाजला, व्हॉट्सअ‍ॅपवरून. मी उचलला तर नुसती गोल चकती फिरत राहिली आणि बंद पडला. समोर एक पेशंट गाल धरून बसला होता. मी त्याला थांबायची खूण केली. इथे व्हॉट्सअ‍ॅपवरून फोन लागत नाहीत हे आमच्यातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. लग्न झाल्यापासून इथल्या इथे नवऱ्याने मला कधी तसा फोन केला नव्हता. तो तसा फोन फक्त सुट्टीत गावी गेल्यावर करतो, कारण तिथे सगळे तसाच करतात आणि हात आपोआप त्या बटणावर जातो. काही मिनिटांतच त्याचा साधा फोन आला. "चुकून दाबलं गेलं," तो म्हणाला. "काम चालू आहे. उद्या रात्री येतो."

मागे कसला आवाज होता का? मी कान देऊन ऐकलं. काही नव्हतं. एवढी शांतता शीतगृहात कुठली? तिथे तर कॉम्प्रेसरची घरघर असते, आणि बंद पडलेला एक सोडला तरी बाकीचे चालू असतात.

गुरुवारी तो आला. मी दारातच उभी होते. त्याने बॅग ठेवली आणि हात पुढे केला तेव्हा मला दिसलं. डाव्या हाताच्या तर्जनीला नखापासून दुसऱ्या पेरापर्यंत पट्टी गुंडाळलेली.

"गरम पाइप लागला," तो म्हणाला.

जगात माणसाला दहा बोटं असतात. मतदानाची शाई त्यातल्या एकाच बोटाला लावतात. गरम पाइपाने नेमकं तेच बोट शोधून काढलं होतं. मी बॅग घेऊन आत गेले. सूरहून आलेली त्याची बॅग मला नेहमी बाल्कनीत ठेवावी लागते, कारण कपड्यांना मासळीचा असा वास येतो की दोनदा धुतल्याशिवाय जात नाही. मी शर्ट नाकाला लावला. लाकडाच्या धुराचा वास होता, आणि त्याखाली उदबत्तीचा. बुटांचे वरचे भाग त्याने पुसले होते. मी ते उलटे केले. खाचांमध्ये लाल माती होती, आमची जांभ्याची, ओली असताना बसलेली आणि मग वाळलेली. सूरची धूळ पांढुरकी असते, इथली सगळीच.

आता मी त्याला तिथेच धरायला हवं होतं, असं तुम्ही म्हणाल. मी नाही धरलं. कारण मतमोजणी शनिवारी होती. भावाची पेटी अजून उघडायची होती आणि त्याआधी घरात रडारड करून मला अपशकुन करायचा नव्हता. आणि अजून एक कारण होतं, ते मला आवडत नाही पण आहे. जोवर मी विचारत नव्हते तोवर त्याचं खोटं खोटं ठरलेलं नव्हतं. हातच्या कांकणाला आरसा कशाला म्हणतात. पण कधी कधी माणूस कांकणाकडेच बघत नाही.

शनिवारी आम्ही दोघे सोफ्यावर बसून मोबाईलवर निकाल बघत होतो, फेरीमागून फेरी. पहिल्या फेऱ्यांत भाऊ पुढे होता. माझ्या माहेरच्या ग्रुपवर गुलालाचे फोटो यायला लागले. मग पुलापलीकडच्या गावांच्या पेट्या उघडल्या आणि आघाडी घटत गेली. नवऱ्याच्या घरच्या ग्रुपवर लोक जल्लोष करत होते; त्याचा फोन सारखा थरथरत होता आणि तो त्याने उशीखाली सारला होता. शेवटच्या फेरीत भाऊ मागे पडला. इतक्या थोड्या मतांनी, की पुन्हा मोजणीची मागणी झाली, मोजणी झाली आणि आकडा तेवढाच राहिला. आमच्या दोन वाड्यांनी मनावर घेतलं असतं तर भरून निघाला असता असा तो फरक होता.

भावाचा फोन संध्याकाळी आला. "गेलं, ताई," एवढंच म्हणाला आणि आईला फोन दिला. आई रडत होती. मी तिला काय बोलले ते आठवत नाही. मनात फक्त एकच चालू होतं. पाच-दहा घरं वळली असती, तो म्हणाला होता. मी गेले असते तर वळली असती. आणि मी गेले नाही, कारण माझ्या नवऱ्याने मला पोहे खाता खाता वजाबाकी शिकवली होती.

तरी मी रविवारपर्यंत थांबले असते कदाचित. पण त्याच संध्याकाळी चाचांचा फोन आला. ते दोन दिवसांसाठी गावी जाऊन मत देऊन परत खाबुऱ्याला आले होते. खूप हळहळले.

"आमी सगले गेलेलो ना, बाय. जावयबापू पन भेटले इमानात, माझ्या पुढच्याच सीटीवर. मना वाटलं तू पन असशील. तू कशी नाय आलीस?"

चाचा हे मुद्दाम सांगत होते की सहज, हे मला आजही कळलेलं नाही. त्या दिवशी त्यांनी खिडकीशी वाकून काय म्हटलं होतं, तेही नाही. फोन ठेवला आणि मी स्वयंपाकघरात गेले. नवरा ओट्याशी उभा राहून पाणी पीत होता.

"पट्टी काढा," मी म्हणाले. "हळद लावते."

"नको, बरं आहे आता."

"बरं असेल तर पट्टी कशाला? काढा."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग पेला खाली ठेवला आणि स्वतःच पट्टी सोडली. जखमेचा मागमूस नव्हता. नखावरून खाली उतरणारी शाईची रेघ होती, जांभळट काळी, ताजी. मला वाटलं होतं मी ओरडेन. मी खाली बसले.

तो सांगायला लागला. एवढं सलग तो माझ्याशी कित्येक वर्षांत बोलला नसेल. करार केला तेव्हा तो खरंच जाणार नव्हता. मग काकांनी स्वतः फोन केला, घरातला मोठा माणूस, त्याला शाळेत घालणारा, आणि म्हणाले, तू आला नाहीस तर गावात म्हणतील पुतण्याला बायकोने बांधून ठेवलं. तिकीट त्यांनीच काढलं. मला सांगितलं असतं तर मीही निघाले असते, असं त्याचं म्हणणं. म्हणून तो एकटा गेला. काकांच्या घरी उतरला, त्यांच्याकडे जेवला, बुधवारी त्यांच्याच गाडीतून शाळेतल्या बूथवर गेला.

"आणि आत गेल्यावर," तो म्हणाला, "मी तुझ्या भावाचं बटण दाबलं."

मी मान वर केली.

"तुला थांबवलं मीच. मग तिथे उभा राहिलो तेव्हा वाटलं, हे मत माझं नाहीच. मी तुझं मत देऊन आलो."

वाक्य चांगलं होतं. फारच चांगलं होतं. माझ्या नवऱ्याला असली वाक्यं सुचत नाहीत; हे त्याने विमानात बसून जुळवलं असणार, असं मला वाटलं. मी विचारलं, कोणी पाहिलं? तो म्हणाला, मत देताना कोणी बघतं का? मशीनशेजारच्या काचेत चिठ्ठी काही क्षण दिसते, ती त्याने पाहिली, मग ती खाली पडली. बस. सगळी निवडणूक ज्या गुप्ततेवर उभी आहे ती माझ्या स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली होती, आणि तिच्यापुढे माझं काही चालत नव्हतं. शर्ट हुंगता येतो, बूट उलटे करता येतात, पट्टी सोडता येते. बटण कुठलं दाबलं ते या जगात कोणाला काढता येत नाही.

मी त्याच्याशी बोलणं बंद केलं. म्हणजे भाजी संपली, मुलीला क्लासला सोडा, एवढं बोलत होते. रोज त्याच्या नखाकडे नजर जायची. नख वाढत होतं आणि शाई हळूहळू पुढे सरकत होती. एकदा वाटायचं, खरं सांगत असेल. खोटंच बोलायचं असतं तर पाइप, पट्टी, सगळं पुढे रेटलं असतं. लगेच वाटायचं, पकडल्यावर माणूस ज्याच्यावर समोरची बाई विरघळेल तेच सांगतो. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. इथे चोर कोण हेच ठरत नव्हतं आणि चांदणं माझ्या मनात पडलं होतं.

मग एका दुपारी भावाचा फोन आला. सुट्टीचा दिवस होता, नवरा आतल्या खोलीत होता. भाऊ इकडचं तिकडचं बोलला, आणि मग थांबला.

"ताई, एक विचारू? राग धरू नकोस."

"विचार."

"भावोजींना आमच्या पोरांनी बूथवर पाहिलं. समोरच्यांच्या गाडीतून उतरताना. तू आली नाहीस आणि ते आले. तू मला म्हणाली होतीस, दोघंही येणार नाही."

"मला माहीत नव्हतं रे."

"तुला?" तो म्हणाला. "तुला माहीत नव्हतं? ताई, लहानपणी आई लाडू मोजून द्यायची, ते तू परत मोजायचीस. तुझ्या नजरेतून मुंगी सुटत नाही. तुझा नवरा देशाबाहेर जाऊन येतो आणि तुला कळत नाही, हे मी कसं मानू?"

आयुष्यभर मी दुसऱ्यांवर शंका घेतल्या, आणि तीच ख्याती आता पुरावा म्हणून माझ्याच अंगावर आली होती. माझ्या जागी दुसरी कोणी भोळी बाई असती तर त्याने लगेच मानलं असतं. मी त्याला कपाट, कॉम्प्रेसर, पट्टी, सगळं सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. ते सांगितलं तर माझा नवरा लबाड ठरत होता. नाही सांगितलं तर मी.

"त्यांनी तुला मत दिलं," मी म्हणाले.

आणि पुढेही बोलत राहिले.

"काकांच्या गाडीतून गेले, त्यांच्याकडे जेवले आणि तुझं बटण दाबून आले. मी येऊ शकले नाही म्हणून."

"तुला कोणी सांगितलं?"

"त्यांनीच."

"आणि तू मानलंस?"

"मानलं."

मग त्याचा आवाज एकदम लहानपणचा झाला. "तू मानलंस म्हणजे खरं असणार," तो म्हणाला. "तू सहजासहजी मानणारी नाहीस. बरं वाटलं, ताई. फार बरं वाटलं. त्यांच्या घरातलं एक तरी मत मला होतं." तो रडत होता आणि ते लपवत नव्हता. मलाही रडू आलं, त्याच्यासाठी आणि मी त्याच्या हातात काय ठेवलं होतं त्यासाठी.

फोन ठेवून वळले तर नवरा दारात उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. त्याचे डोळे भरले होते.

"खरंच मानलंस?" त्याने विचारलं.

"नाही."

"मग त्याला तसं का सांगितलंस?"

"माझ्या भावासमोर माझ्या नवऱ्याला खोटं पाडू? मी काय परक्याची आहे? बाहेर तुम्ही खरेच. घरातलं घरात बघू."

"किती दिवस बघणार?"

"जन्मभर," मी म्हणाले, आणि ते मी रागाने म्हणाले नव्हते.

तो चौकटीला टेकून उभा राहिला. मग हळूच म्हणाला, "आणि मी खरं बोलत असेन तर?"

इतक्या दिवसांत हा एक प्रश्न मी स्वतःला पुरता विचारला नव्हता. खोटं बोलत असेल तर काय, याचीच उत्तरं मी तयार करून ठेवली होती. तो खरं बोलत असेल, तर काकांच्या ताटात जेवून, त्यांच्या गाडीतून उतरून, आयुष्यात एकदाच त्याने आपल्या माणसांविरुद्ध काहीतरी केलं होतं, आणि ते माझ्यासाठी केलं होतं, आणि त्याला साक्षीदार कोणीही नव्हता.

"तर मग तुमचं नशीबच फुटकं," मी म्हणाले. "कारण मला ते कधीच कळणार नाही."

तो हसला नाही. मीही हसले नाही.